पांढरं लेकिथॉस : प्रकल्प नोंदी

३ जून

संचात काय ठेवायचं ते आज पक्कं झालं. पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलांना हातात घेऊन बघता येतील अशा, ग्रीक अंत्यविधींतल्या भांड्यांच्या प्रतिकृती आणि सोबत मराठीतले माहितीफलक. मूळ भांडी अथेन्स, लंडन, बर्लिन, न्यूयॉर्क इथल्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. काचेतून चित्र दिसतं, भांडं समजत नाही. वजन किती, कान पकडायला सोयीचा आहे का, तेलाची धार कशी पडते, लेप नखाने निघतो का, आत काय आहे, हे हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही.

मुख्य काम लेकिथॉसचं. उभट, अरुंद गळ्याची, एका कानाची ही तेलाची कुपी अथेन्सच्या घराघरांत असायची. इ.स.पू. साधारण ४७० ते ४०० या काळात तिचा पांढऱ्या लेपाचा प्रकार तिथे जवळजवळ केवळ मृतांसाठी बनत होता. आपण दोन करायची. एक अखंड, दुसरं उभं चिरलेलं. चिरलेलं का, ते वाटीच्या नोंदीत येईलच. माझ्या दृष्टीने सगळा खटाटोप त्या दुसऱ्यासाठी आहे.

तिसरी वस्तू म्हणजे काळ्या आकृत्यांची एक मातीची पाटी, एक्सेकियास या प्राचीन अथेन्सच्या चित्रकाराच्या पाट्यांच्या धर्तीवर.

९ जून

पहिल्या फलकाचं लिखाण. सुरुवात डिपिलॉनच्या, म्हणजे अथेन्सच्या वेशीजवळच्या दफनभूमीतल्या, अँफोरापासून (दोन कानांचं उंच भांडं), कारण इतक्या मोठ्या भांड्याने कबरीची खूण करायची ही कल्पना तिथे पूर्ण ताकदीने दिसते. इ.स.पू. ७६०-७५० च्या सुमाराचं हे भांडं. उंची दीड मीटरहून जास्त. आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. एवढं भांडं एका दमात चाकावर चढत नाही. ते भागाभागांनी घडवून जोडलेलं आहे, तरी नक्षीच्या पट्ट्या कुठेही तिरक्या गेलेल्या नाहीत. मानेवर चरणारी हरणं आणि बसलेल्या बकऱ्या यांच्या रांगा, बाकी सगळीकडे भूमितीची नक्षी, आणि दोन कानांच्या मधल्या चौकटीत तिरडीवर ठेवलेली एक स्त्री. तिच्यावरचं चौकड्यांचं वस्त्र वर उचलून धरल्यासारखं काढलंय, म्हणजे देह झाकला जाऊ नये. दोन्ही बाजूंना डोक्यावर हात घेऊन आक्रोश करणारी माणसं. माणूस म्हणजे त्रिकोणाचा धड, काड्यांचे हात, एका ठिपक्याचं डोकं. चेहरा नाही, डोळे नाहीत, तरी शोक दिसतो तो फक्त हातांच्या कोनातून.

त्या काळात बायकांच्या कबरीवर अँफोरा आणि पुरुषांच्या कबरीवर क्रेटर, म्हणजे रुंद तोंडाचं मोठं पात्र, ठेवण्याची रीत होती. यातल्या काही भांड्यांच्या बुडाला भोक आहे. वरून ओतलेलं तर्पण थेट जमिनीत, मृताकडे जावं म्हणून ते असावं असा अर्थ लावला जातो. फलकावर हे वाक्य मोठ्या अक्षरात हवं. ही भांडी कबरीवर फक्त उभी नव्हती, त्यांच्यातून काहीतरी खाली जात होतं.

१४ जून

माती आली. पावसाच्या आत दोन पोती भरून घेतली.

२१ जून

विधींचा फलक. इथे घाई करायची नाही, कारण मुलं भांडी बघतील तेव्हा त्यांना प्रसंग ओळखता आला पाहिजे.

देह घरातल्या बायका धूत, तेल लावत, वस्त्र नेसवत आणि उंच पलंगावर ठेवत. हा प्रोथेसिस. एक दिवस आप्त भोवती जमत, बायका शोकगीतं म्हणत. तिसऱ्या दिवशी, सूर्य उगवायच्या आत, अंत्ययात्रा निघे. ती एक्फोरा. नंतर दफन किंवा दहन. अथेन्समध्ये दोन्ही चालत. मग कबरीवर तिसऱ्या आणि नवव्या दिवसाचे विधी, आणि पुढे वर्षानुवर्षं भेटी. कबरीच्या शिळेला रंगीत फिती बांधायच्या, तेल ओतायचं, तेलाच्या कुप्या पायऱ्यांवर ठेवून यायच्या.

अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या कायद्यांनी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला यातला गाजावाजा कमी केला. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की बायकांनी स्वतःचे गाल ओरबाडायला बंदी आली, कबरीवर बैल कापायला बंदी आली, आणि मृतासोबत तीनपेक्षा जास्त वस्त्रं पुरता येईनाशी झाली. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याच्या एका भाषणात हा कायदा उद्धृत आहे: प्रोथेसिस घराच्या आत करायचा, यात्रा सूर्योदयापूर्वी न्यायची, पुरुषांनी पुढे आणि बायकांनी मागे चालायचं, आणि जवळच्या नात्यातल्या सोडून साठ वर्षांखालच्या बाईने मागून जायचं नाही.

एक्सेकियासच्या पाट्या या कायद्यांनंतरच्या, साधारण इ.स.पू. ५४० च्या. आज त्यांचे तुकडे बर्लिनमध्ये आहेत. बांधीव थडग्याच्या भिंतीवर ओळीने बसवलेल्या या पाट्यांवर अख्खा विधी चित्रित आहे. मला यातली घरात बसलेल्या बायकांची पाटी सगळ्यात जवळची वाटते. त्या हातवारे करत नाहीत, नुसत्या बसल्यात, आणि त्यांच्यात एक मूल आहे. रस्त्यावरचा शोक कायद्याने आवरला, तेव्हा चित्रकार शोकाच्या मागोमाग घरात गेला. संचातली पाटी याच प्रसंगाची करतेय.

२ जुलै

काळ्या झिलईसाठी माती निथळायला ठेवली. ग्रीक भांड्यावरचा तो चकचकीत काळा हा रंग नाही आणि काचेचा ग्लेझही नाही. भांड्याच्याच मातीचा अतिशय बारीक अंश पाण्यात निवळून काढायचा, त्याचा दाट लेप करायचा आणि त्याने रंगवायचं. कण सुटे राहावेत म्हणून ते लोक राखेच्या पाण्यासारखं काहीतरी वापरत असावेत. मी सोडियम सिलिकेट वापरतेय. जाड कण तळाशी बसतात, वरचं पाणी काढून टाकायचं, मधला थर रबरी नळीने ओढून घ्यायचा.

कोणत्याही मातीतून ही चमक निघत नाही. लोह भरपूर, चुना कमी आणि इलाइट जातीची माती लागते. आपल्याकडची काळी माती यात बसत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते, त्यामुळे तिचा लेप खवल्यांसारखा सुटतो. अथेन्सच्या कुंभारांना अ‍ॅटिकाची लोहयुक्त माती पायाखालीच मिळत होती. केरामेइकोस ही त्यांची वस्ती एरिडानोस ओढ्याच्या काठी होती आणि शहराचं मोठं दफनक्षेत्र त्याच भागात होतं. भट्टी, दुकान आणि कबर चालत जाण्याच्या अंतरावर.

६ जुलै

नळीने ओढलेला लेप चाचणीच्या चकत्यांवर लावला. लाल मातीच्या दोन नमुन्यांपैकी एक घोटल्यावर आरशासारखा झाला. तोच घेतला.

१९ जुलै

आतल्या वाटीचा दिवस.

मोठ्या पांढऱ्या लेकिथॉसपैकी बऱ्याच जणांच्या पोटात एक लहान वाटी असते. गळ्याच्या खालच्या टोकाला ती आतून चिकटवलेली असते. तेल ओतलं की त्या वाटीतच साचतं, बाकी सगळं पोट कोरडं आणि बंद. बाहेरून काहीच कळत नाही. फुटलेल्या भांड्यांमुळे आणि क्ष-किरण चित्रांमुळे हे उघड झालं. बाहेरच्या भिंतीत कुठेतरी एक बारीक भोक ठेवावंच लागतं, कारण भाजताना बंद पोकळीतली हवा आणि वाफ बाहेर पडली नाही तर भांडं तडकतं.

घडवण्याचा क्रम असा. आधी पोट चाकावर उभं काढायचं, ३६ सेंटीमीटरच्या हिशोबाने, म्हणजे वाळून-भाजून ३२ च्या आसपास राहील. मग गळा आणि तोंड वेगळं. मग वाटी वेगळी, पातळ आणि गोलसर. खांदा वेगळा. तिन्ही एकाच ओलाव्याला आणायचे, वाटी गळ्याला जोडायची, मग तो सगळा जोड खांद्यासकट पोटावर बसवायचा. शेवटी कान आणि पाय. पावसाळी हवेत वाटी बाहेरच्या भागापेक्षा हळू वाळते, म्हणून वाटी आदल्या दिवशी काढून ठेवली.

शेजारच्या आळीतले कुंभारकाका मदतीला आले होते. वाटी जोडताना बघून म्हणाले, “ताई, हे कशापायी? दोन भांडी घडवायची नि दिसणार एकच.”

मी म्हटलं, “काका, बरेच अभ्यासक म्हणतात की तेल वाचवायला. सुगंधी तेल महाग होतं. बघणाऱ्याला वाटावं की कुपी भरून तेल वाहिलं.”

त्यांनी वाटी हातात घेऊन फिरवली. “तेल वाचलं असंल, पण कुंभाराची मजुरी वाढली की. घेणारा तीबी देतच होता ना? आमच्याकडं मसणात न्यायच्या मडक्याचा भाव कुणी करत न्हाई. मागंल ते देतात.”

हे मी संध्याकाळभर डोक्यात घोळवलं. पुस्तकांत या वाटीकडे काटकसर म्हणून किंवा थोडीशी लबाडी म्हणून बघितलं जातं. हातांनी करून बघितल्यावर मला तसं वाटत नाही. वाटीमुळे जोडांची संख्या वाढते, भाजताना फुटण्याचा धोका वाढतो, वेळ वाढतो. हे काम चोरटं म्हणता येत नाही, त्यात कौशल्य ओतलेलं आहे. विधीला तेल थोडंच लागायचं. भांडं मोठं हवं होतं ते चित्रासाठी, कबरीच्या पायऱ्यांवर उभं राहिल्यावर दिसावं म्हणून. विधीचं माप आणि चित्राचं माप वेगळं झालं, आणि कुंभाराने दोन्ही मापं एकाच भांड्यात सांभाळली. फलकावर मी काटकसरीचा अर्थही देणार आणि हाही देणार, पण दुसरा आधी.

३० जुलै

जोड टिकले. सावलीत, ओल्या फडक्याखाली.

११ ऑगस्ट

पांढरा लेप. लोह नसलेली पांढरी चिकणमाती लागते, म्हणून सिंधुदुर्गातली चिनी माती आणली. पांढरी माती लाल मातीपेक्षा कमी आकसते, त्यामुळे भांडं पूर्ण वाळल्यावर लावली तर पकड घेत नाही. अंगात ओल असतानाच, अगदी पातळ, दोन हात. मग गुळगुळीत गोट्याने हलकं घोटायचं. तोंड, कान, पाय आणि पोटाचा खालचा भाग काळ्या लेपाला राखून ठेवला.

भाजल्यानंतरसुद्धा हा लेप नाजूकच राहतो. घासला की खडूसारखा हाताला लागतो, तेल सांडलं की डाग धरतो. म्हणूनच रोजच्या वापराच्या भांड्यांवर तो टिकला नाही. ज्या भांड्याला पुन्हा धुवायचं नाही, फडताळात ठेवायचं नाही, ज्याचा उपयोग एकदाच होणार आणि मग ते कबरीत किंवा कबरीवर राहणार, त्याच्यावर मात्र हा लेप चालतो. चित्रकाराच्या दृष्टीने तर तो वरदान होता. लाल-काळ्या भांड्यावर जागा फक्त दोन रंगांना. पांढऱ्यावर भिंतीवरच्या चित्रासारखं काम करता येतं. त्या काळातली मोठी ग्रीक भित्तिचित्रं आज जवळपास नाहीत. रेघ आणि रंग मोकळे सुटल्यावर ते लोक कसं काढत, याची कल्पना आज या अंत्यविधीच्या कुप्यांवरून येते.

२५ ऑगस्ट

रेखाटन. आधी बोथट काडीने पुसट आखणी, जशी मूळ भांड्यांवरही काही ठिकाणी दिसते. मग पातळ केलेल्या झिलईने, बारीक कुंचल्याने, बाह्यरेषा. पांढरा लेप पाणी लगेच शोषतो. रेघ थांबली की तिथे गाठ दिसते. दंडापासून मनगटापर्यंतची रेघ एका श्वासात जायला हवी.

अकिलीस चित्रकाराच्या कामाकडे यामुळे नव्या नजरेने बघितलं. त्याचं खरं नाव माहीत नाही. व्हॅटिकनमधल्या एका अँफोरावर त्याने काढलेल्या अकिलीसवरून हे नाव पडलं. अशा निनावी हातांना त्यांच्या रेघेवरून वेगळं ओळखण्याचं काम जॉन बीझली यांनी आयुष्यभर केलं, कान कसा वळवला, घोटा कसा काढला, यावरून. म्युनिकमधल्या त्याच्या लेकिथॉसवर, साधारण इ.स.पू. ४४० च्या, खडकावर बसून वाद्य वाजवणारी एक म्यूझ, म्हणजे कलांची देवी, आहे आणि खडकावर हेलिकॉन पर्वताचं नाव लिहिलंय. तिच्या पायाशी एक पक्षी. कुठेही खोडलेलं नाही, कुठेही दुसऱ्यांदा गिरवलेलं नाही.

मी घेतलेला प्रसंग सगळ्यात नेहमीचा: मधे फिती बांधलेली उंच शिळा, डावीकडे पसरट टोपली घेऊन आलेली बाई, उजवीकडे एक तरुण. टोपलीत फिती आणि लेकिथॉस. पायऱ्यांवरही लेकिथॉस. म्हणजे भांड्यावर त्याच भांड्याचं चित्र, आणि ते भांडं पुढे नेमक्या तशाच पायऱ्यांवर जाणार. यातला तरुण जिवंत की मृत, ते चित्रकार सहसा सांगत नाही. बाई त्याच्याकडे पाहतेय असंही वाटतं आणि तिला तो दिसत नाही असंही वाटतं. मुलं याचं उत्तर मागतील. फलकावर उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलंय, कारण अडीच हजार वर्षांपूर्वी ते भांडं विकत घेणाऱ्यालाही ते हवं नसावं.

७ सप्टेंबर

प्रसंगांचा फलक. चार भांडी निवडली.

पहिलं ब्रिटिश म्युझियममधलं, थानाटोस चित्रकाराचं. हिप्नोस आणि थानाटोस, म्हणजे निद्रा आणि मृत्यू, हे दोन पंखवाले भाऊ एका सैनिकाचा देह कबरीच्या शिळेसमोर अलगद उचलून धरतायत. ही प्रतिमा मूळची होमरमधली: ट्रॉयच्या युद्धात पडलेल्या सार्पेडॉनला, झ्यूसच्या मुलाला, हेच दोघे त्याच्या देशी नेतात. यूफ्रोनिओसच्या प्रसिद्ध क्रेटरवर, साधारण इ.स.पू. ५१५ च्या, तो राजबिंडा वीर रक्त सांडताना दाखवलाय. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी तीच दोन भावंडं अथेन्सच्या एका साध्या, नाव नसलेल्या शिपायासाठी येतात. युद्धात मेलेल्यांचं दफन त्या काळी राज्य करत असे. इतिहासकार थुसिडिडीसने लिहिलंय की अस्थी जमातीनुसार सायप्रेस झाडाच्या लाकडाच्या पेट्यांत ठेवत आणि जे सापडले नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी तिरडी सजवून नेत. घरच्यांच्या हातात मग स्वतःचं असं काय राहत होतं? मला वाटतं, हे भांडं. त्याच्यावर त्यांचा मुलगा एकटा आहे आणि त्याला वीराच्या सन्मानाने उचललं जातंय.

क्रेटरचा दुसरा इतिहासही मुलांना सांगायलाच हवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तो १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतला. तो इटलीतल्या एका एट्रुस्कन थडग्यातून चोरून खणलेला होता, आणि २००८ मध्ये इटलीला परत गेला. चोरून खणलेल्या भांड्याची कबर कायमची हरवते: शेजारी काय होतं, हाडं कोणाची होती, भांडं उभं होतं की आडवं. चित्र वाचतं आणि प्रसंग पुसला जातो.

दुसरं मेट्रोपॉलिटनमधलंच, साधारण इ.स.पू. ४३० चं. मृतांना नदीपार नेणारा नावाडी खारोन नाव लावून थांबलाय. काठावर एक लहान मूल, हातात खेळण्यातली गाडी, आणि ते मागे आईकडे बघतंय. यावर मी फलकात एकच ओळ लिहिली आणि थांबले.

तिसऱ्यावर साबुरोव चित्रकाराचा खारोन, सोबत वाट दाखवणारा हर्मीस. चौथं एरेट्रियात सापडलेलं, इ.स.पू. ४१०-४०० च्या सुमाराचं, आता अथेन्समध्ये: आपल्याच थडग्याच्या पायरीवर बसलेला योद्धा. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाची शेवटची वर्षं. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा आधीच्या पिढीच्या शांत चेहऱ्यांत कुठेच नाही. पन्नास वर्षांत रेघ अशी बदलली.

१५ सप्टेंबर

भट्टी लावली. तीन टप्प्यांची भाजणी, एकाच भट्टीत एकामागून एक. साधारण ८५० अंशांपर्यंत हवा मोकळी, सगळं लाल. मग हवा कोंडून, धूर धरून ९४० पर्यंत: लोहातला ऑक्सिजन निघून जातो, अंग आणि लेप सगळंच काळं पडतं, आणि याच वेळी बारीक कणांचा लेप वितळायला लागून त्याची काचेसारखी बंद कातडी होते. मग उतरत्या तापमानात हवा पुन्हा आत सोडायची. सच्छिद्र अंग ऑक्सिजन ओढून घेतं आणि परत लाल होतं, झिलई बंद झालेली असल्याने काळीच राहते. पांढऱ्या मातीत लोहच नाही, ती पांढरी राहते, आणि पातळ झिलईच्या रेघा मधासारख्या पिंगट होतात. कुंचल्यातला एकच लेप जाडीनुसार दोन रंग देतो. ही युक्ती युरोपात पुन्हा उलगडायला १९४२ साल उजाडलं. थिओडोर शुमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती मांडली.

भट्टी थंड होईपर्यंत लुट्रोफोरोसचा मजकूर लिहून काढला. उंच मानेचं हे भांडं लग्नाच्या स्नानाचं पाणी आणण्याचं. लग्न न होता कोणी गेलं तर ते, किंवा त्याची दगडी प्रतिकृती, कबरीवर ठेवत. डेमॉस्थेनिसच्या भाषणांत जपल्या गेलेल्या एका वारसाहक्काच्या खटल्यात हेच पुरावा म्हणून मांडलंय: आर्खियाडीसच्या कबरीवर लुट्रोफोरोस उभं आहे, म्हणजे तो अविवाहितच गेला. न्यायालयात चालेल इतका या भांड्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

१८ सप्टेंबर

भट्टी उघडली. दोन्ही लेकिथॉस अखंड. पायाजवळ एका बाजूला झिलई लालसर राहिलीय, तिथे धूर पोचला नाही. असे लाल डाग मूळ भांड्यांवरही भरपूर आहेत. रेघा नीट पिंगट आल्या.

कुंभारकाकांनी पोटावर टिचकी मारून आवाज ऐकला. “बेस झालं,” म्हणाले.

२८ सप्टेंबर

चिरायचं भांडं पाणी सोडणाऱ्या हिऱ्याच्या पात्याने उभं कापून घेतलं. वाटी अगदी मधोमध दिसते. कापायच्या आधी पाणी भरून मोजलं होतं: शंभर मिलिलिटरसुद्धा मावत नाही. वाटी नसती तर लिटरभर गेलं असतं.

आता रंग. भाजून झाल्यावर लावायचे हे रंग मूळ भांड्यांवरून बहुतेक उडून गेलेत. तांबडा, पिवळा, इजिप्शियन निळा, क्वचित हिंगुळाचा भडक लाल. संग्रहालयात कित्येक आकृत्या उघड्या अंगाने उभ्या दिसतात, त्या तशा काढलेल्या नव्हत्या. वस्त्राचा रंग गेला आणि खालची रेघ उरली. म्हणून चिरलेल्या भांड्याचा एक अर्धा भाग काव, पिवडी आणि निळ्याने पूर्ण रंगवतेय, दुसरा नुसत्या रेघांचा ठेवतेय. हिंगूळ वापरायचा नाही, त्यात पारा असतो आणि हा संच मुलांच्या हातात जाणार. त्याची जागा कावेने भरली. डिंकाच्या पाण्यात कालवलेला रंग पांढऱ्यावर छान बसतो. बाईचं वस्त्र तांबडं केलं, फिती निळ्या. रंगवलेली बाजू बघून अनेकांना ती भडक वाटेल. तिथल्या कबरींवर हाच भडकपणा ताज्या तेलाच्या वासासकट उभा होता.

४ ऑक्टोबर

शेवटचा फलक, साथीचा. याला चित्र नाही.

इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्सला महामारीने गाठलं. थुसिडिडीस स्वतः आजारी पडून वाचला. तो लिहितो की अंत्यविधींच्या सगळ्या रीती कोलमडल्या, लोक दुसऱ्याने रचलेल्या चितेवर आपला देह ठेवून निघून जात. १९९४-९५ मध्ये मेट्रोसाठी खोदताना केरामेइकोसमध्ये एक सामूहिक दफन सापडलं, सुमारे दीडशे माणसांचं, वरच्या थरांत नुसते टाकलेले देह. एवढ्या माणसांमागे भांडी मोजकीच, साधी. त्यांतल्या अकराएक वर्षांच्या एका मुलीच्या कवटीवरून पुढे तिचा चेहरा घडवण्यात आला आणि तिला मिर्टिस हे नाव दिलं गेलं.

याच दशकांत, त्याच शहरात, सगळ्यात देखणी पांढरी लेकिथॉस रंगवली जात होती. ती दोन टोकं मी एका फलकावर शेजारीशेजारी ठेवलीयत. धुणं, तेल लावणं, फित बांधणं यातलं काहीच करता आलं नाही, तेव्हा लोकांना काय गमावल्यासारखं वाटलं असेल, हे समजायला भांडी असलेल्या आणि भांडी नसलेल्या कबरी एकत्रच बघाव्या लागतात.

शतक संपताना हा प्रकारही संपला. शेवटी काही मीटरभर उंचीची मातीची लेकिथॉस झाली, संगमरवराची नक्कल करणारी. मग खुद्द संगमरवरी लेकिथॉस कबरींवर आली. अथेन्सचा शासक डेमेट्रिओस याने इ.स.पू. ३१७ नंतर भपकेबाज थडग्यांवर बंदी घातली तेव्हा तीही थांबली. अरिस्टोफनीसच्या इ.स.पू. ३९१ च्या सुमाराच्या एका नाटकात ‘मृतांसाठी लेकिथॉस रंगवणारा’ असा उल्लेख सहज येऊन जातो. प्रेक्षकांना तो धंदा ओळखीचा होता. हे वाक्य शेवटच्या फलकावर आर्खियाडीसच्या खटल्याशेजारी जाईल.

९ ऑक्टोबर

पेटी भरली. अखंड लेकिथॉससोबत तिळाच्या तेलाची लहान बाटली ठेवलीय. प्रत्येक गटाने तेल ओतून बघायचं, डाग पडले तरी चालतील, लेप निघाला तरी चालेल. चिरलेलं भांडं त्यानंतरच दाखवायचं, आधी नाही. पाटीची कड थोडी धारदार आहे, ती घासून मगच द्यायची. लुट्रोफोरोसची माती पुढच्या आठवड्यात भिजत घालतेय.